फुकटचं वजन

बोट इरेशची. गोव्याहून ट्रकवर आली, सेकंडहँड,
बाजूला गुलाबी वीज रंगवलेली,
कप्प्यात कुणाचा तरी विसरलेला गॉगल.
हिप्परग्याच्या तलावात सोडली तेव्हा
म्हशींनी मान वळवून बघितलं
आणि परत डोळे मिटले.

दोरी धरून फळीवर उभं राहायचं,
बोटीमागची लाट चढायची, तिच्यावरून उडायचं,
असं इरेशनं मोबाईलवर दाखवलेलं.
आमची लाट घोट्याएवढी.
वरणात तूप सोडल्यावर हलतं, तेवढीच.

"हलकी आहे," मी म्हणालो, "बुडाला वजन पाहिजे."
कंपनीच्या पिशव्यांचा भाव ऐकून इरेश म्हणाला,
"एवढ्यात बहिणीचा साखरपुडा उरकतोय बे."

मग माणसं भरली.
दोन मेहुणे, एक भाचा, भजीवाला मुनाफ,
सगळे मागच्या बाकावर.
लाट आली, गुडघ्यापर्यंत आली,
पण माणूस एका जागी बसत नाही.
फोटोला सगळे डावीकडे, की लाटही डावीकडे.
आणि मुनाफचं तेल तापत होतं काठावर.

तेव्हा मला जिन्याखालचं लोखंड आठवलं.

नायनानं चारही माग भंगारात घातले
सव्वीस रुपये किलोनं.
बीमची वजनं मात्र दिली नाहीत.
"हे काट्यावर नको," एवढंच म्हणाला.
आई त्यातलं एखादं घेऊन
विडीच्या ओल्या पानांवर दाब म्हणून ठेवायची.
दहा-दहा किलोची एकतीस.
मी ती टमटमनं तलावावर नेली,
नायना दुपारचा झोपलेला असताना.

मागाच्या मागच्या अंगाला लोंबायची ही,
ताणा ओढून धरायची.
कमी पडलं तर टॉवेल ढिला विणला जातो,
जास्त झालं तर तार तुटते,
आणि तुटण्याआधी मागाचा आवाज बदलतो.
तो आवाज ऐकतच मी शाळेचा अभ्यास केलाय.
बोटीचंही तेच निघालं.
वीस मागे, आठ नाकाकडे,
तीन पायानं सरकवत राहिलो, इंजिन ऐकत,
इथे नाही, इथे नाही,
इथे.

लाट उभी राहिली.
कमरेएवढी, कड अशी की
नुकतीच इस्त्री फिरवली असावी.
इरेशची पुतणी शांभवी तीनदा पाणी प्यायली,
चौथ्यांदा उडाली.
काठावरून मुनाफनं झारा हलवला.

संध्याकाळी दगडू भोई जाळं झटकत जवळ आला,
बोटीत डोकावला.
"आत पाणी शिरलं तर?"
आम्ही गप्प.
"पाणी पाण्यात बुडत नाही. हे बुडतंय."
आणि तंबाखू मळत निघून गेला.

रात्रभर मला तेच ऐकू येत होतं.

सकाळी पंक्चरवाल्याकडून ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबा आणल्या, आठ.
बाराशे रुपये. घरच्या कूलरचा पंप काढला,
एप्रिलमध्ये, बायको काय बोलली ते इथे लिहीत नाही.
तलावाचंच पाणी ट्यूबेत भरायचं,
उड्या संपल्या की तलावालाच परत.
फुकटचं वजन!
जे काठावर आलं की नसतं.

लोखंड टमटमनं घरी.
नायना जिन्यापाशी उभा होता.
पायाच्या अंगठ्यानं एकेक शिवत मोजलं,
हळू, तेलुगूत.
"मुप्पै. एक कमी."
मी खरं सांगितलं: बोट अजून उजवीकडे कलते,
म्हणून एक डावीकडे ठेवलंय, बांधून.

मला वाटलं आता बोलणार.
"किती कलते?"
मी तळहात आडवा धरून दाखवला.
त्यानं माझा हात बघितला, थोडा सरळ केला,
मग खाली वाकून, अगदी आतून, कोळिष्टकातून
पाच किलोचं एक काढलं,
जे मी कधी पाहिलंच नव्हतं.
"ते काढ. हे लाव," म्हणाला,
"आधी अर्ध्यानं बघायचं असतं."